पाहुणा कुठल्या घरी उतरला?

'शोगुन' मालिका गाजली आणि जेम्स क्लॅव्हेलची १९७५ ची जाडजूड कादंबरी पुन्हा लोकांच्या हातात दिसू लागली. मीही वाचली. पकड जबरदस्त, त्यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत दिवस काढलेल्या माणसाने जपानबद्दल इतक्या ओढीने लिहावं, याचंही कौतुक वाटतं.

कादंबरीतला जपान आपल्याला दिसतो तो ब्लॅकथॉर्न या इंग्रज खलाशाच्या डोळ्यांनी. तो भाषा शिकतो, तसे आपणही शिकतो. पण पाहुणा ज्या घरी उतरतो, तिथूनच त्याला गाव दिसतं. हा उतरतो सरदारांकडे. मग तलवार, इमान, सेप्पुकू, चहापान सगळं ठळक दिसतं, आणि भात लावणारा शेतकरी फक्त वाकलेला दिसतो.

यामागचा खरा माणूस विल्यम अ‍ॅडम्स. १५९८ मध्ये रॉटरडॅमहून पाच जहाजं निघाली, त्यातलं एकच १६०० मध्ये जपानला लागलं. पोर्तुगीज जेझुइट म्हणाले, हे चाचे आहेत, मारून टाका. (१५४९ मध्ये झेवियर जपानला गेला तोही आपल्या गोव्यातूनच, बरं का!) इयेयासूने ऐकलं नाही. युरोपियनांतही दोन तट आहेत, हे त्या धूर्त माणसाने ओळखलं. अ‍ॅडम्सने त्याला जहाजं बांधून दिली आणि हेमी इथे जहागीर मिळवली.

आता गंमत बघा. मायदेशी लिहिलेल्या पत्रात अ‍ॅडम्स सांगतो, जहागिरीबरोबर ऐंशी-नव्वद शेतकरीही मिळाले, जणू आपले गुलामच. परका माणूस नुसता बघत राहिला नाही, स्वतःच जहागीरदार झाला!

हे शेतकरी असे हतबल का? १५८८ मध्ये हिदेयोशीने शेतकऱ्यांकडची हत्यारं काढून घेतली होती. १५९१ च्या हुकुमाने सामुराईला शेतकरी व्हायची आणि शेतकऱ्याला शेती सोडून व्यापारात शिरायची वाट बंद केली. हिदेयोशी स्वतः मात्र सामान्य घरातून वर आलेला! सरदाराची पत मोजायची 'कोकू'त. एक कोकू म्हणजे साधारण एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ. म्हणजे सरदाराच्या मोठेपणाचा आकडा हा कुणीतरी पिकवलेल्या भाताचाच आकडा होता.

कादंबरी जरूर वाचा. मात्र कुठल्याही देशाची ऐतिहासिक कादंबरी असो, तलवारीचं वर्णन आलं की एक प्रश्न विचारा: या तलवारवाल्याच्या ताटातला भात कुणी पिकवला?