पडद्यावरचं गाव आणि गाडीतलं गाव

२०१५ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. शुक्रवारी, २० तारखेला, श्रीराम राघवन यांचा 'बदलापूर' हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि सोमवारी सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये दुसरा विषयच नव्हता. एरवी आमच्या डब्यात नळाच्या पाण्याच्या वेळा, गाडीचा उशीर आणि मुलांच्या परीक्षा यांवर बोलणं चालतं. त्या दिवशी मात्र अर्ध्या डब्याने चित्रपट पाहिलेला होता आणि उरलेल्या अर्ध्याला तो पाहावा की नाही हे ठरवायचं होतं.

गंमत अशी की, वरुण धवनने काम कसं केलं किंवा नवाजुद्दीन सिद्दिकी किती भाव खाऊन गेला, हे बोलणं पाच मिनिटांत आटोपलं. खरा वाद पेटला तो वेगळ्याच प्रश्नावर. "यात आपलं बदलापूर कुठे आहे हो?" एकजण म्हणाले, "नाव आपलं, दरोडा मात्र पुण्यात." दुसऱ्याने माहिती पुरवली की मूळ कथा मास्सिमो कार्लोत्तो या इटालियन लेखकाच्या कादंबरीची आहे, तेव्हा पुणंसुद्धा उसनंच. दाराशी उभा असलेला एक तरुण म्हणाला, "पण बायको-मुलगा गेल्यावर हिरो राहायला इथेच येतो ना? मग आणखी काय पाहिजे?" वाद उल्हासनगर गेलं, कल्याण गेलं तरी मिटला नाही.

चित्रपट किती आठवडे चालला याची नोंद राहते. परीक्षणं वर्तमानपत्रांच्या फायलींत सापडतात. पण पाहून आलेली माणसं आपसात काय बोलली, ते कुणी टिपून ठेवत नाही. मला वाटतं, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन शेजारी गावांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास लिहायचा झाला, तर ही बोलणी फार उपयोगी पडतील. कारण 'चित्रपटातलं गाव खरं वाटलं का' या प्रश्नाचं उत्तर देताना माणूस, आपण कुठून आलो आणि आता कुठले झालो, हेच सांगत असतो.

ही तिन्ही गावं मुख्यत्वे बाहेरून आलेल्यांनी भरली. गावं जुनी नाहीत असं नव्हे. अंबरनाथचं शिलाहारकालीन शिवमंदिर शके ९८२ मधलं, म्हणजे इ. स. १०६० चं. कल्याणहून कर्जत-खोपोलीच्या बाजूला रेल्वे गेली ती १८५६ मध्ये. पण वस्ती फुगली ती पुढे. अंबरनाथला १९२० च्या दशकात स्वीडिश भांडवलाची काडेपेटीची कंपनी, 'विमको', आली. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले, मग औद्योगिक वसाहत आली. घाटावरची, कोकणातली, उत्तरेतली, दक्षिणेतली माणसं नोकरीसाठी येऊन राहिली. बदलापूर भरलं ते मुंबईत घर न परवडणाऱ्या चाकरमान्यांनी. आणि उल्हासनगरची कहाणी तर साऱ्या देशाला ठाऊक आहे.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात लष्कराची मोठी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना आसरा दिला गेला. ही संख्या लाखाच्या आसपास होती. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीचं 'उल्हासनगर' असं नामकरण झालं. तरी आजही पत्ता सांगताना माणसं 'कॅम्प नंबर दोन', 'कॅम्प नंबर चार' असंच सांगतात. एक गोष्ट आपण विसरतो. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. म्हणजे कराची आणि बदलापूर एकाच प्रांतात होते. अकरा वर्षांनी त्यांच्यामध्ये देशाची सीमा आली.

पंजाबची आणि बंगालची फाळणी झाली, पण निम्मा पंजाब, निम्मा बंगाल भारतात राहिला. सिंध सगळाच्या सगळा पलीकडे गेला. चित्रपटाच्या दृष्टीने याचा अर्थ काय झाला, ते पाहा. मराठी निर्मात्याला कोकण दाखवायचं तर तो बोटीने, नाहीतर एसटीने कोकणात जाऊ शकत होता. सिंधी निर्मात्याला सिंध दाखवायचं तर जायचं कुठे? १९५८ मध्ये 'अबाणा' नावाचा सिंधी चित्रपट आला. अबाणा म्हणजे वाडवडील. फाळणीनंतर भारतात तयार झालेला हा पहिला सिंधी चित्रपट मानला जातो आणि त्याचा विषयही फाळणीचाच होता. शीला रमाणी नायिका होती आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या भूमिकेत एक कोवळी मुलगी होती, साधना शिवदासानी. कराचीत जन्मलेली आणि फाळणीत घर सुटलेली. या कामासाठी तिला नाममात्र एक रुपया मानधन मिळालं, असं सांगतात.

उल्हासनगरच्या एका कापड दुकानात आई मला लहानपणी न्यायची. तिथले वयस्कर शेठ सिंधमधल्या हैदराबादचे. घडी मोडून कापड दाखवता दाखवता ते सिनेमाविषयी बोलत. त्यांचं एक वाक्य माझ्या लक्षात राहिलं. ते म्हणायचे, "सिंध दाखवलंय म्हणतात तेव्हा मी हिरो-हिरोईन बघत नाही, छपरं बघतो." हैदराबादच्या घरांच्या छपरांवर वारा पकडून खालच्या खोल्यांत सोडणारी, धुराड्यासारखी बांधकामं असत. ती दिसली नाहीत, की शेठ म्हणत, "हे कुणाचं तरी घर आहे, माझं नाही." त्यांच्या नातवंडांनी ते हैदराबाद कधी पाहिलं नाही. त्यांना ठाऊक आहे ते उल्हासनगर. आणि हिंदी चित्रपटांत सिंधी माणूस आला तर तो बहुधा दुकानदार म्हणून, ठरावीक हेल काढून बोलणारा, हशा मिळवण्यापुरता. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा विनोद आपण सगळ्यांनी केला आहे. बराकीत राहून, गाडीत गोळ्या-बिस्किटं विकून ज्यांनी पुन्हा संसार उभे केले, त्यांना तो विनोद ऐकताना काय वाटलं असेल, हे आपण क्वचितच विचारलं.

साधना पुढे मोठी नायिका झाली. १९६६ मध्ये राज खोसला यांचा 'मेरा साया' आला, तेव्हा आमच्या दोन्ही गावांनी त्यावर हक्क सांगितला. उल्हासनगर म्हणे, नायिका आमची. अंबरनाथची मराठी मंडळी म्हणत, गोष्ट आमची. आणि दोघांचंही खरं होतं. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरून राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये 'पाठलाग' हा मराठी चित्रपट काढला होता आणि त्यावरूनच 'मेरा साया' झाला. मराठी घरातली गोष्ट राजस्थानात, उदयपूरच्या वाड्यांत गेली. त्यातल्या झुमक्याच्या गाण्याने बरेली हे तिसरंच गाव गाजलं. मराठी कथा, सिंधी नायिका, झेलमकडून आलेला नायक सुनील दत्त आणि गाण्यात बरेली! हिंदी चित्रपटात गाव असं हातोहात बदलतं.

अंबरनाथच्या आमच्या चाळीत सिनेमा येई तो गणपतीत. रस्त्यात आडवा पांढरा पडदा बांधायचा आणि पुढे जागा नाही मिळाली तर मागच्या बाजूला बसायचं. तिथून सगळे डावखुरे दिसत आणि अक्षरं उलटी. तरी कुणाची तक्रार नसे. आचार्य अत्रे यांचा 'श्यामची आई' (१९५३) असाच मी दोन-तीनदा पाहिला. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला हा चित्रपट पाहून सगळ्या बायका पदराने डोळे पुसत. शेजारच्या दापोलीकडच्या काकूही रडत, पण दुसऱ्या दिवशी नळावर सांगत, "आमच्याकडे अंगण असं नसतं गं." 'पिंजरा' (१९७२) झाला, की सातारा-कोल्हापूरकडची मंडळी, फड कसा असतो यावर मध्यरात्रीपर्यंत बोलत. ज्याचं गाव पडद्यावर, तो त्या रात्रीपुरता चाळीतला जाणकार. बाकीच्यांनी ऐकायचं. एकमेकांचे मुलूख आम्हाला असे कळले.

हे पुढेही चालू राहिलं. २०१६ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला. थिएटरात लोक नाचले, हे सगळ्यांना आठवतं. मला आठवतो तो औद्योगिक वसाहतीत काम करणारा, करमाळ्याकडचा एक ओळखीचा तरुण. चित्रपटाचं चित्रीकरण त्याच्याच भागातलं. तो म्हणाला, "काका, पडद्यावरची माणसं पहिल्यांदाच माझ्यासारखी बोलली." मला वाटलं, आता तो तिथल्या विहिरीबद्दल, उसाबद्दल सांगणार. पण तो बोलला उत्तरार्धाबद्दल. नायक-नायिका पळून हैदराबादला जातात, परक्या शहरात एका खोलीत संसार मांडतात, भाषा येत नाही, पैसे पुरत नाहीत. "ते हैदराबाद नव्हे काका, ते माझं अंबरनाथ. पहिल्या वर्षाचं." गाव त्याने ओळखलं होतंच, पण जास्त ओळखली ती भाड्याची खोली.

सिंधच्या हैदराबादची छपरं शोधणारे शेठ आणि दख्खनच्या हैदराबादेत अंबरनाथ पाहणारा हा तरुण, यांच्यामध्ये अर्धं शतक गेलं. शेठ पडद्यावर सुटलेलं घर शोधत होते. तरुण नवं घर शोधू लागला होता. हा बदल माझ्या मते फार मोठा आहे.

त्याची चाहूल आम्हाला २००५ मध्येच लागली होती. निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' आला. बँकेत नोकरी करणारे माधव आपटे, रोजची तीच लोकल, तोच डबा, तीच धावपळ. सुरुवातीची ती दिनचर्या पाहताना थिएटरात आधी हशा पिकला आणि हळूहळू सगळे गप्प झाले. आमच्या मार्गावरचं आयुष्य इतक्या सरळपणे पडद्यावर आम्ही पाहिलं नव्हतं. बाहेर पडताना एक बदलापूरकर म्हणाले, "डोंबिवलीकराचा संयम सुटला. तो आपल्याहून किती तरी स्टेशनं अलीकडे उतरतो!" पुढे २००७ मध्ये कामत यांनीच तो माधवनला घेऊन तमिळमध्ये केला. म्हणजे आमचा वैताग चेन्नईलाही ओळखीचा निघाला.

आता पुन्हा 'बदलापूर'कडे येऊ. दिग्दर्शकाला हे नाव का आवडलं असेल, ते उघड आहे. हिंदीत 'बदला' म्हणजे सूड. गावात मात्र नावाची वेगळीच गोष्ट सांगतात. प्रवासात इथे घोडे बदलले जात, म्हणून बदलापूर. शिवाजी महाराजांच्या सुरतेच्या वाटेशीही ती गोष्ट जोडली जाते. ती लोककथा आहे. तिला कागदाचा पुरावा मागू नये. पण तिच्यातला अर्थ पाहा. मराठी कानाला त्या नावात बदल ऐकू येतो, हिंदी कानाला सूड. एकाच नावाच्या या दोन अर्थांत आमच्या डब्यातला वाद अडकला होता. "उद्या मुलाला कुणी विचारलं, तू त्या सूडाच्या गावचा का, तर त्याने काय सांगायचं?" असं एका गृहस्थांनी विचारलं, आणि ते थट्टेने विचारत नव्हते.

तेव्हा कोपऱ्यातले एक वयस्कर प्रवासी बोलले. लालबागची चाळ सोडून ते वीस वर्षांपूर्वी इकडे आलेले. ते म्हणाले, "तो हिरो इथे का येतो? कारण इथे त्याला कुणी ओळखत नाही. मीही आलो तेव्हा मला कुणी ओळखत नव्हतं. तेवढं चित्रपटात बरोबर आहे. पण तो पंधरा वर्षं राहतो आणि तरी त्याला कुणी ओळखत नाही, हे मला पटलं नाही. इथे दुसऱ्या महिन्यात या डब्यात माझी जागा धरायला लागले लोक." डबा हसला. माझ्या ऐकण्यात तरी त्या चित्रपटाचं याहून चांगलं परीक्षण आलं नाही.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला साधना मुंबईत वारली. पुढे २०२० मध्ये बरेलीने शहराच्या वाटेवर मोठा झुमका उभारला. एका गाण्यातल्या उल्लेखाचा एवढा मान! बदलापूरने काय उभारावं, हे मी सांगणार नाही. माझं मागणं साधं आहे. तुमच्या घरी, शेजारी कुणी 'अबाणा' पाहिलेले, पडद्याच्या उलट्या बाजूने 'श्यामची आई' पाहिलेले असतील, तर त्यांना चित्रपटाची गोष्ट विचारू नका. ती कुठेही मिळेल. पडद्यावरच्या त्या गावात काय चुकलं होतं, ते विचारा. आणि ते जे सांगतील, ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)