मेंदूतील निरोप्यांचा माग

मज्जातंतू एकमेकांना निरोप देतात तो विजेच्या रूपाने की रसायनाच्या, हा वाद विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा होता. १९२१ साली ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे ओटो लोव्ही यांनी त्याच्या उत्तराची वाट दाखविली. बेडकाच्या हृदयाची गती मंद करणारा मज्जातंतू त्यांनी उत्तेजित केला, त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि तेही मंदावले. तंतूचा निरोप द्रवातून पोहोचला होता. अर्थात निरोप्या हा एक पदार्थ होता.

पुढे असे अनेक निरोपे सापडले. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विड कार्लसन यांनी आपल्या सर्पगंधेच्या मुळांत असणारे रेसरपीन हे द्रव्य सशांना टोचले, तेव्हा ते निश्चल पडले; डोपा दिल्याबरोबर पुन्हा हिंडू लागले. त्यातून डोपामीन या निरोप्याचे महत्त्व कळले. १९६० साली व्हिएन्ना येथे ओलेह होर्निकिएविच यांनी कंपवाताने मेलेल्या रोग्यांच्या मेंदूंत त्याचीच टंचाई असल्याचे दाखविले. परंतु हे ज्ञान मृत्यूनंतरचे. जिवंत मेंदूत हा पदार्थ क्षणोक्षणी किती स्रवतो, हे कसे मोजावे?

त्याचे साधन विद्युत्‌रसायनशास्त्राने दिले. १९२२ साली प्राग येथे यारोस्लाव हेरॉव्हस्की यांनी थेंबाथेंबाने पडणाऱ्या पाऱ्याचे विद्युत्‌अग्र वापरून द्रावणातील पदार्थ ओळखण्याची रीत काढली. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डोपामीनसाठी मात्र पारा निरुपयोगी होता. विशिष्ट विद्युत्‌दाबाखाली डोपामीनचा प्रत्येक रेणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, आणि त्या प्रवाहावरून त्याचे प्रमाण काढता येते. पण तितक्या दाबाला पारा स्वतःच इलेक्ट्रॉन सोडू लागतो. शिवाय तो विषारी. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठात राल्फ अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली यावर साधा उपाय शोधला. शिसपेन्सिलीत असते त्याच ग्राफाइटची पूड एका द्रवात कालवून त्यांनी लगदा केला आणि तो नळीत ठासून भरला. हेच कार्बनचे विद्युत्‌अग्र.

१९७३ साली अ‍ॅडम्स आणि त्यांचे सहकारी यांनी असे अग्र जिवंत उंदराच्या मेंदूत बसविले. प्रवाह मिळाला, पण तो कशाचा? मेंदूतील द्रवात क जीवनसत्त्व डोपामीनच्या हजारो पटींनी असते, आणि जवळजवळ त्याच दाबाला तेही इलेक्ट्रॉन सोडते. दिसलेला प्रवाह मुख्यतः त्याचाच होता. बाजारातील कोलाहलात एकाचीच कुजबूज ऐकावी, तसे हे काम. १९७८ साली फ्रान्समधील ल्यों येथे केसाहूनही बारीक कार्बन तंतूंची अग्रे वापरात आली. १९८४ साली अ‍ॅडम्स यांच्या गटाने अग्रावर नाफिऑन या ऋणभारित पदार्थाचे लेपन केले. ते ऋणभारित क जीवनसत्त्वाला दूर लोटते आणि धनभारित डोपामीनला जवळ करते.

पुढचा टप्पा अतिसूक्ष्म कार्बनाचा. १९९१ साली जपानमध्ये सुमिओ इइजिमा यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे वर्णन केले. १९९६ साली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संथानम प्रभृतींनी या नळ्यांच्या अग्रावर डोपामीनचे ऑक्सिडीकरण सुलभतेने होते, असे दाखविले. कार्बनाचा पृष्ठभाग जितका मोठा आणि अनुकूल, तितका निरोप्या लवकर ओळखू येतो.

मात्र या नळ्या बनविण्यास प्रखर उष्णता व धातूंची चूर्णे लागतात, आणि त्या शुद्ध करण्यास तीव्र आम्ले. तेव्हा प्रश्न उभा राहिला की, रोगनिदानाचे साधन बनविताना नदीनाले दूषित का करावे? २००४ साली अशा नळ्यांची काजळी शुद्ध करताना चकाकणारे कार्बनकण योगायोगाने हाती आले. हे कण साध्या सेंद्रिय पदार्थांपासूनही होऊ शकतात, हे पुढे दिसले. २०१२ साली ते संत्र्याच्या रसापासून बंद पात्रात तापवून काढण्यात आले. तेव्हापासून फळांच्या साली, पाने, कोंडा यांपासून कार्बनकण बनवून त्यांचा लेप अग्रावर देण्याचे प्रयोग चालू आहेत.

परंतु सालीपासून बनले एवढ्यानेच एखादे द्रव्य निर्मळ ठरत नाही. भट्टीला किती इंधन लागले, धुवण्यास किती पाणी गेले, हाही हिशेब मांडावा लागतो. दुसरी अडचण अशी की, प्रत्येक झाडाचे फळ निराळे. आजच्या आणि उद्याच्या घाण्यातील कण सारखे निघतीलच असे नाही. मोजमापात तर सारखेपणा हाच मुख्य गुण. आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ द्रावणात जे साधते, ते रक्तात किंवा मेंदूत साधेलच असेही नव्हे. तेथे प्रथिने अग्रावर थर धरतात.

तरीही या इतिहासाचा एक धडा स्पष्ट आहे. १९७३ चा प्रवाह मिळताच त्याला डोपामीन म्हणून टाकणे सोपे होते. तो कोणाचा, हे विचारणाऱ्यांनीच शास्त्र पुढे नेले. नव्या, पर्यावरणस्नेही अग्रांनाही तीच कसोटी लावावी लागेल. कंपवाताच्या रोग्याला उद्या वेळीच निदान मिळायचे, तर हाती आलेला आकडा खराच त्या निरोप्याचा असला पाहिजे.