चंद्रपूरचा ससा आणि सिंदेवाहीची रिंग

२ एप्रिल २०२२. शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मध्य प्रदेशाच्या पश्चिम भागापासून विदर्भापर्यंत असंख्य लोकांनी आकाशातून जळत जाणारी ज्योतींची रांग पाहिली. त्यानंतर थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावातील मोकळ्या जागेत सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. जवळच्या पवनपार येथे धाग्यांनी गुंडाळल्यासारखा दिसणारा काळपट गोळा सापडला. कोणालाही इजा झाली नाही.

बातमी म्हणून ही घटना आठवडाभरात जुनी झाली. परंतु तिच्याभोवती योगायोगांचे असे काही जाळे विणलेले आहे की इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते एकदा उलगडून पाहावे. त्यातले काही धागे हातात येताच तुटतात. काही मात्र ओढावे तितके लांब जातात.

पहिला योगायोग त्याच संध्याकाळचा. भारतीय वेळेनुसार ६ वाजून ११ मिनिटांनी न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे रॉकेट उडाले होते. लाडबोरीची रिंग त्यानंतर सुमारे ९४ मिनिटांनी पडली. पृथ्वीजवळच्या कक्षेत एका प्रदक्षिणेला लागणारा वेळही जवळजवळ तेवढाच. साहजिकच, हे अवशेष त्याच रॉकेटचे असावेत असा अंदाज प्रथम मांडला गेला. वेळ जुळली, उंचीही जुळण्यासारखी होती. आणखी काय हवे?

हवी होती पृथ्वीची साथ, आणि ती मिळत नव्हती. रॉकेट एक फेरी पूर्ण करते तेव्हा खालची पृथ्वी स्थिर राहिलेली नसते. ९४ मिनिटांत ती पूर्वेकडे सुमारे साडेतेवीस अंश फिरलेली असते. त्यामुळे माहियाहून निघालेली वस्तू एका फेरीनंतर माहियाच्या पश्चिमेला, टास्मान समुद्राच्या आसपास असते, विदर्भावर नव्हे. खरा धनी अंतराळातील वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी ओळखला. चीनच्या ‘चांग झेंग ३बी’ रॉकेटचा, क्रमांक वाय-७७ चा, तिसरा टप्पा त्याच सुमारास वातावरणात शिरणे अपेक्षित होते आणि त्याचा मार्ग लोकांनी पाहिलेल्या ज्योतींशी जुळत होता. या टप्प्याचा व्यास तीन मीटर. लाडबोरीच्या रिंगचाही तेवढाच.

हा टप्पा ४ फेब्रुवारी २०२१ रोजी एक उपग्रह वर पोहोचवून मोकळा झाला होता. तो मागे राहिला ती कक्षा अतिशय लांबट असते: एक टोक पृथ्वीपासून काहीशे किलोमीटरवर, दुसरे जवळजवळ ३६,००० किलोमीटरवर. प्रत्येक फेरीत खालच्या टोकाशी वातावरणाचा विरळ थर त्याला किंचित घासतो, वेग थोडा कमी होतो आणि दूरचे टोक थोडे जवळ येते. असे ४२२ दिवस चालले.

या ४२२ दिवसांत पृथ्वीने काय केले? सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर या वेगाने ती १०० कोटी किलोमीटरहून अधिक अंतर चालून गेली. सूर्य स्वतः आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला सुमारे २२० किलोमीटर वेगाने फिरतो. तो हिशेब धरला तर त्याच मुदतीत सारी सूर्यमाला जवळपास ८०० कोटी किलोमीटर पुढे सरकलेली असते. ‘परत आले’ हा शब्द अंतराळात फारसा टिकत नाही. रॉकेट जिथून उडाले ती जागा कधीच मागे पडली होती.

हे वेग कल्पनेत मावत नाहीत, म्हणून बल्लारशाह स्थानकावर यावे. फलाटाला लागून उभी असलेली गाडी आपण थांबलेली समजतो. परंतु सुमारे १९.८५ अक्षांशावरचे बल्लारपूर पृथ्वीच्या परिवलनामुळे ताशी सुमारे १,५७५ किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असते. गाडी, फलाट, चहाचा कप आणि वर्धा नदीसकट. वातावरणही सोबत फिरत असल्याने वाऱ्याची झुळूकसुद्धा हे गुपित फोडत नाही. कोसळू लागलेल्या रॉकेटच्या टप्प्याचा वेग त्याहून कितीतरी मोठा, सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या घरात. बल्लारपूर ते मुंबई हे सरळ रेषेतील पावणेसातशे किलोमीटर अंतर त्याने दीड मिनिटात कापले असते.

आता याचा अर्थ लाडबोरीच्या बाजूने लावून पाहावा. टप्पा दहा सेकंद उशिरा खाली येता, तर रिंग सुमारे ७५ किलोमीटर पुढे, गडचिरोलीच्या जंगलात पडली असती आणि कदाचित आजही पानांखाली गंजत असती. दहा सेकंद आधी येता, तर दुसऱ्याच गावाचे नाव वर्तमानपत्रांत आले असते. ४२२ दिवसांच्या प्रवासातल्या दहा सेकंदांवर एका गावाची शांतता अवलंबून होती. गुढीपाडव्याचा मुहूर्त मात्र अगदीच निरर्थक म्हणता येणार नाही. आदल्या दिवशीच अमावास्या संपली होती, आकाश काळोखे होते, सणामुळे माणसे घराबाहेर होती. एवढ्या लोकांनी ते दृश्य पाहिले, यात पाडव्याचा थोडा वाटा आहेच. (राकेश शर्मा अंतराळात झेपावले ती तारीख ३ एप्रिल १९८४. एका दिवसाने हुकलेला योगायोग कोणी मोजत नाही, हेही ध्यानात असावे.)

सर्वांत विलक्षण योगायोग चंद्रपूरच्या नावाजवळ घुटमळतो. दंतकथा अशी की गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याची राजधानी बल्लारपूरला होती. एकदा शिकारीला गेला असता त्याने अजब दृश्य पाहिले: कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या कुत्र्याचा पाठलाग करीत होता. राणीने त्यात शुभसंकेत ओळखला. सशाच्या धावेच्या मार्गावर तटबंदी उभारावी असा सल्ला तिने दिला, आणि बल्लारपूर मागे पडून चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, उदयाला आले.

आता चीनकडे पाहावे. २०१३ साली चीनने चंद्रावर पहिली गाडी उतरवली. तिचे नाव ‘युतू’; अर्थ, चंद्रावरचा जेडचा ससा. तिला घेऊन गेलेले रॉकेट कोणते? ‘चांग झेंग ३बी’. ज्या जातीच्या रॉकेटने चंद्रावर ससा नेला, त्याच जातीच्या रॉकेटची रिंग सशाच्या धावेतून जन्मलेल्या चंद्रपूरच्या जिल्ह्यात पडली. अंगावर काटा यावा असे हे जुळणे.

काटा ओसरला की इतिहासाचे काम सुरू होते. कुत्र्यामागे धावणारा ससा ही एकट्या चंद्रपूरची मिरास नाही. विजयनगर आणि अहमदाबाद यांच्या स्थापनेविषयीही हीच कथा सांगतात. जिथे दुबळा प्राणी बलवानावर उलटतो त्या भूमीत पराक्रम आहे, असे सुचवणारे हे राजधान्यांचे ठरीव कथाबीज आहे. चंद्रावरच्या सशाचेही तसेच. चंद्राला शशांक म्हणणारी संस्कृत भाषा, शशजातक सांगणारे बौद्ध आणि चिनी लोककथा, सर्वांनी त्याच डागांत ससा पाहिला, कारण डाग सर्वांना एकच दिसतात. योगायोग उरतो तो केवळ रिंगच्या जागेचा. आणि ती जागा दहा सेकंदांनी ठरवली.

याच पठडीतला आणखी एक विदर्भी योगायोग. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला. फिरण्यामुळे विषुववृत्तापाशी फुगलेल्या पृथ्वीचा आकार मोजण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्याच १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणार सरोवराची नोंद घेतली. ते अशनीच्या आघाताने झालेले विवर आहे, हे सिद्ध व्हायला १९७३ साल उजाडले. यात गूढ फारसे नाही. १८१८ नंतर या मुलखात कंपनीच्या अधिकाऱ्यांचा वावर इतका वाढला होता की कोणत्याही एका वर्षात अशा दोन नोंदी सापडाव्यात.

१९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेचे ‘स्कायलॅब’ हे अंतराळस्थानकही उडाले. १९७९ च्या जुलैत ते कोसळणार, कुठे ते सांगता येत नाही, या बातमीने भारतातल्या खेड्यापाड्यांची झोप उडवली होती. शेवटी अवशेष ११ जुलैला हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. त्या भीतीवर बेतलेला ‘स्कायलॅब’ हा तेलुगू चित्रपट ४ डिसेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. त्याची कथा करीमनगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात घडते. बल्लारपूरहून राज्याची सीमा ओलांडली की तोच मुलूख पुढे लागतो. प्रेक्षक चित्रपटगृहात १९७९ च्या भाबड्या भयावर हसत होते, तेव्हा वाय-७७ चा तिसरा टप्पा त्यांच्या डोक्यावरून फेऱ्या घालीत होता. चार महिन्यांनी तो उतरला.

आणि एक तारीख, जिला योगायोग म्हणायला मन धजत नाही. अंतराळातून पडणाऱ्या वस्तूंनी जमिनीवर नुकसान केले तर ती सोडणाऱ्या देशाने, त्याची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी, असे सांगणारा आंतरराष्ट्रीय करार १९७२ पासून अस्तित्वात होता. भारत त्यात सामील झाला तो दिवस ९ जुलै १९७९. स्कायलॅब कोसळण्याच्या दोन दिवस आधी. चीन १९८८ साली सामील झाला. या करारान्वये मोठा दावा एकदाच गाजला: १९७८ साली सोव्हिएत संघाचा अणुइंधनावर चालणारा ‘कॉसमॉस ९५४’ उपग्रह कॅनडात कोसळला, आणि १९८१ मध्ये कॅनडाला तीस लाख कॅनेडियन डॉलर मिळाले.

लाडबोरीत घर पडले असते, माणूस दगावला असता, तर भारत सरकारला याच कराराचा आधार घेऊन बीजिंगकडे दावा दाखल करता आला असता. एखाद्या शेतकऱ्याला थेट नव्हे. करार राष्ट्राराष्ट्रांत आहे. तशी वेळ आली नाही. रिंग सिंदेवाहीच्या पोलीस ठाण्यात नेऊन ठेवण्यात आली, इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन अवशेषांची पाहणी केली. अंतराळ कायद्यानुसार वस्तू कुठेही पडली तरी तिची मालकी बदलत नाही. त्यामुळे पोलीस ठाण्याच्या आवारात येऊन पडलेली ती तीन मीटरची रिंग कागदोपत्री तेव्हाही चीनचीच होती.