बोटीचा 'धडाका': उलट्या फेऱ्याचा इतिहास

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. ती उठली की मिरकरवाडा किंवा ससून डॉकसारख्या बंदरांत ट्रॉलरची इंजिने पुन्हा धडधडू लागतात. तांडेल गिअरचा दांडा पुढे ढकलतो आणि एखाद्या बोटीच्या पोटातून 'धाड्' असा आवाज येतो. 'गिअरबॉक्स गेला' हा निदानाचा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा प्रकार. सागरी इंजिनांच्या इतिहासाचा अभ्यास करताना माझे मत असे झाले आहे, की या आवाजाचे निदान पेटी उघडून नव्हे, तर ती पेटी मुळात का आली हे समजून घेऊन सुरू करावे.

वाफेच्या बोटींना अशा पेटीची गरजच नव्हती. वाफेचे इंजिन स्वतःच उलटे फिरे. १८४२ साली आलेल्या स्टीफन्सन लिंक रचनेने ते काम आणखी सुलभ केले. डिझेल इंजिन आले आणि पंचाईत झाली, कारण ते एकाच दिशेने फिरणारे होते. १९०३ साली नोबेल बंधूंच्या कंपनीने रशियात 'वान्दाल' हे तेलवाहू जहाज चालवले. त्यात डिझेलवर वीज तयार करून विजेच्या मोटारींनी पंखे फिरवले जात, कारण मोटार उलटी फिरवणे सोपे होते. १९०५ साली जर्मनीत हेरमान फ्योटिंगर यांनी वाहत्या द्रवातून शक्ती नेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. १९१२ सालच्या डॅनिश 'सेलांडिया'वर तर इंजिनच थांबवून उलट्या दिशेने पुन्हा सुरू करण्याची सोय होती.

मच्छीमार बोटीला हे सारे अवजड आणि महाग. तिच्यासाठी उरली दातेरी चाके आणि क्लच. सुरुवातीचे क्लच हाताच्या जोराने चालत. चकत्या कशा धरतात हे चालवणाऱ्याच्या तळहाताला कळे. पुढे हायड्रॉलिक पेटी आली. येथे तेल फ्योटिंगरच्या यंत्रासारखे शक्ती वाहून नेत नाही, ते फक्त चकत्या एकमेकींवर दाबते. दांडा केवळ झडप हलवतो. भारतात १९५२ च्या भारत–नॉर्वे कराराने केरळात नीन्डाकरा येथे मासेमारीच्या यांत्रिकीकरणाचा मोठा प्रयोग सुरू झाला आणि पुढील दशकांत इंजिनाच्या होड्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र दिसू लागल्या. हायड्रॉलिक पेटीने श्रम वाचवले, पण तळहाताची जाण काढून घेतली. उरला तो कान.

म्हणून कानाला नेमके प्रश्न विचारायला हवेत. पहिला : आवाज केव्हा येतो? मंद गतीवर खडखडाट आणि वेग वाढताच शांतता, असे असेल तर संशय इंजिन व पेटी यांच्यामधल्या डॅम्पर कपलिंगवर जातो. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाचा झटका ते स्प्रिंगने किंवा रबराने गिळते. ते झिजले की झटके थेट दात्यांवर आदळतात. दुसरा : गिअर टाकताना एकच ठोका पडतो का? तर आधी इंजिनाची मंद गती पुस्तिकेप्रमाणे आहे का ते पाहावे. मग शाफ्टच्या कपलिंगचे बोल्ट, पंख्याची चावी आणि इंजिनाचे माउंटिंग तपासावे. तिसरा : दांडा टाकल्यावर क्षणभर काहीच न होता मग धडाका बसतो का? तेलाची पातळी, फेस, तुंबलेली जाळी आणि दाबमापक पाहावे. तेल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे. कूलर तपासलाच पाहिजे. चौथा : आवाज दोन्ही दिशांना की एकाच? एकाच दिशेला असेल तर त्या दिशेचा क्लच किंवा त्याचे सील. दोन्हीकडे असेल तर पंप, तेल, कपलिंग, शाफ्ट यांसारखे सामाईक भाग. केबल सैल होऊन झडप अर्धवट उघडत असेल तर चकत्या घसरून जळतात. मग नव्या चकत्याही टिकत नाहीत.

बंदीच्या काळात बोट किनाऱ्यावर ओढलेली असते. जमिनीवर टेकलेल्या सांगाड्याचा आकार पाण्यात किंचित बदलतो. त्यामुळे शाफ्टची सरळ रेषा पाण्यात उतरल्यावर पुन्हा तपासावी लागते. हंगामाच्या आरंभी ऐकू येणाऱ्या आवाजाचे मूळ अनेकदा येथे सापडते, पेटीत नाही.

बोटीला ब्रेक नसतो. रिव्हर्स हाच तिचा ब्रेक. धक्क्याला लागताना किंवा खाडीच्या मुखाशी तो चुकला तर बोट आणि माणसे दोन्ही धोक्यात येतात. डिझेलला उलटे वळवण्यासाठी वीज, द्रव, हवा सारे वापरून झाले. आज ते ओझे चार चकत्या आणि थोड्या तेलावर आहे. तो ठोका ही त्या ओझ्याची तक्रार असते. ती ऐकल्यावर आधी आजूबाजूचे तपासावे आणि पाना शेवटी उचलावा.