आहारविकारांचे मूळ शोधणाऱ्या सिंथिया ब्युलिक

अन्न समोर असताना ते नाकारणे, वजन धोकादायक पातळीपर्यंत घसरले तरी स्वतःला स्थूल समजणे, ही ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या आजाराची ठळक लक्षणे होत. मानसिक आजारांपैकी सर्वाधिक प्राणघातक आजारांत त्याची गणना होते. तरीही हा सुखवस्तू घरातील मुलींचा हट्ट, सडपातळ दिसण्याचे वेड किंवा आईच्या चुकीच्या संगोपनाचे फळ आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. पुराव्यांच्या आधारे ही समजूत खोडून काढणाऱ्या संशोधकांत अमेरिकेतील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ सिंथिया ब्युलिक यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

दोषाचे बोट कुटुंबाकडे

या आजाराला आजचे नाव दिले ते लंडनचे वैद्य विल्यम गल यांनी, १८७३-७४ च्या सुमारास. अशा रुग्णांची शुश्रूषा करण्यास नातेवाईक सर्वांत अयोग्य असतात, असे त्यांचे मत होते. पुढे शंभर वर्षे हाच सूर कायम राहिला. १९७० च्या दशकात हिल्डे ब्रूख, साल्वादोर मिनुचिन आदी नामवंत तज्ज्ञांनी घरातील नातेसंबंधांच्या गुंत्यात आजाराचे कारण शोधले. त्यांनी रुग्णांना बारकाईने समजून घेतले, हे खरे. परंतु मुलगी अन्नावाचून खंगत असताना पालकांच्या वाट्याला अपराधीपणाची भावनाही आली.

जुळ्यांचा दाखला

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतून डॉक्टरेट मिळवलेल्या ब्युलिक यांनी न्यूझीलंडमध्ये आणि नंतर व्हर्जिनियात संशोधन केले. २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्यांनी आहारविकारांसाठी स्वतंत्र केंद्र उभारले. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेशीही त्यांचे नाव जोडले गेले.

हा आजार एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसतो, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. एका घरात राहणारी माणसे संस्कारही वाटून घेतात आणि जनुकेही. या दोहोंचा वाटा वेगळा करण्यासाठी जुळ्या भावंडांचा अभ्यास उपयोगी पडतो. एकबीज जुळ्यांची जनुके जवळपास तंतोतंत सारखी असतात, तर द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. २००६ मध्ये ब्युलिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीडनच्या जुळ्यांच्या नोंदवहीतील ३१ हजारांहून अधिक व्यक्तींच्या माहितीवर आधारित निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात ॲनोरेक्सियाची आनुवंशिकता सुमारे ५६ टक्के असल्याचे अनुमान निघाले. जुळ्यांवरील इतर अभ्यासांतही हे प्रमाण साधारण ५० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान आढळते.

या आकड्याचा अर्थ मात्र नीट समजून घ्यावा लागतो. एखाद्या रुग्णाचा ५६ टक्के आजार जनुकांमुळे झाला, असे तो सांगत नाही. लोकसमूहात काहींना हा आजार होतो व काहींना होत नाही, या फरकामागे जनुकीय भेदांचा वाटा किती, एवढेच तो दर्शवतो.

मन आणि चयापचय

त्यानंतरचा टप्पा होता प्रत्यक्ष जनुकीय खुणा शोधण्याचा. अशा शोधाला हजारो रुग्णांचे नमुने लागतात. ब्युलिक यांच्या नेतृत्वाखालील आंतरराष्ट्रीय उपक्रमात अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, स्वीडन व डेन्मार्कमधून १३ हजारांहून अधिक रुग्णांचे नमुने जमा झाले. लंडनच्या किंग्ज कॉलेजचे जेरोम ब्रीन आदींच्या सहभागाने २०१९ मध्ये ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात त्याचे फलित प्रसिद्ध झाले. १६ हजार ९९२ रुग्ण आणि ५५ हजार ५२५ अन्य व्यक्तींच्या डीएनएची तुलना करून आजाराशी निगडित आठ जनुकीय स्थाने निश्चित करण्यात आली.

मंत्रचळ, नैराश्य, चिंता या विकारांशी ॲनोरेक्सियाचा जनुकीय संबंध दिसावा, हे अपेक्षितच होते. लक्ष वेधले ते दुसऱ्या निष्कर्षाने. साखर, मेद व शरीराची ठेवण यांच्याशी संबंधित चयापचयाच्या गुणधर्मांशीही या आजाराचे जनुकीय नाते आढळले. त्यामुळे ॲनोरेक्सिया हा केवळ मनाचा नव्हे, तर मन आणि चयापचय या दोहोंचा विकार मानावा, अशी मांडणी या संशोधकांनी केली. रुग्णालयात वजन वाढलेले रुग्ण घरी गेल्यावर पुन्हा का खंगतात, या कोड्याकडे पाहण्याची नवी दिशा त्यातून मिळाली. रुग्णाचा निश्चय कमी पडतो असे म्हणण्याऐवजी त्याचे शरीरच त्याला मागे खेचत असावे का, हा प्रश्न आता विचारता येतो.

उपचारांत घरच्यांचे स्थान

कुटुंबाला उपचारात सहभागी करून घेण्याची पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकातच विकसित होऊ लागली होती. आनुवंशिकतेच्या संशोधनाने तिला बळ दिले. कुटुंब हेच आहारविकारांचे मूळ कारण आहे, हा विचार आहारविकारतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१० मध्ये अधिकृत निवेदनाद्वारे नाकारला. ब्युलिक यांनी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड बॉकम यांच्यासमवेत विवाहित व प्रौढ रुग्णांच्या जोडीदारांना सामावून घेणारी उपचारपद्धतीही विकसित केली.

मर्यादा

या यशाला मर्यादा आहेत. आठ स्थाने एकूण जनुकीय जोखमीचा लहानसाच अंश स्पष्ट करतात. त्यांवरून कोणाला आजार होईल हे सांगता येत नाही, की त्यांतून अद्याप औषधही हाती आलेले नाही. शिवाय २०१९ च्या विश्लेषणातील व्यक्ती युरोपीय वंशाच्या होत्या. त्यामुळे ते निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. दिल्लीतील डॉक्टरांनी १९९५ मध्ये नोंदवलेल्या पाच तरुण रुग्णांमध्ये अन्न नाकारणे, उलट्या व वजन घटणे ही लक्षणे होती. मात्र आपण स्थूल आहोत ही भावना नव्हती. पाश्चात्त्य निकष लावल्यास असे रुग्ण नजरेआड होण्याचा धोका असतो.

जनुके म्हणजे विधिलिखित नव्हे, हे या संशोधनातूनच स्पष्ट होते. उपासमार, ताण, परिस्थिती यांचा वाटा उरतोच आणि उपचारांनी अनेक रुग्ण बरेही होतात. मात्र मुलीने जेवण सोडले की आईवडिलांना दोषी ठरवण्याच्या सवयीला आता शास्त्राचा आधार उरलेला नाही, हीच ब्युलिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्याची ठळक फलश्रुती म्हणावी लागेल.