मुंबईच्या फोर्ट परिसरातील कलासंग्रहालये आणि हुपरीची चांदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तुत लेखात मुंबईच्या फोर्ट या व्यापारी भागातील कलासंग्रहालयांच्या उभारणीचा मागोवा घेतला असून, हुपरी (ता. हातकणंगले, जि. कोल्हापूर) येथील चांदी व्यवसायाच्या दृष्टीने त्याचा विचार केला आहे. पैंजण आणि कंबरपट्टे यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावातून मुंबईस जाणाऱ्या व्यापाऱ्याचे पाऊल झवेरी बाजाराकडे वळते. तेथून काळा घोडा चौक फार दूर नाही. तरीही त्याचे तिकडे जाणे क्वचितच घडते. वेळेचा अभाव हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. संग्रहालयांनी कारागिराच्या वस्तूकडे कोणत्या नजरेने पाहिले, हेही तपासावे लागते.

मुंबईतील पहिल्या संग्रहालयाचे बीज चित्रकलेत नव्हे, तर व्यापारात होते. 1855 च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनासाठी कच्चा माल आणि हस्तव्यवसायाचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांच्या जोडनमुन्यांतून सरकारी मध्यवर्ती संग्रहालय आकारास आले व ते फोर्टमधील लष्करी बराकीत मांडले गेले. 1857 च्या उठावात लष्कराला ती जागा हवी झाली. वस्तू घाईघाईने टाऊन हॉलमध्ये हलविण्यात आल्या आणि त्यांपैकी अनेकांची नासधूस झाली. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट यांच्या प्रयत्नांतून पुढे 1872 मध्ये भायखळा येथे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. 1975 पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. या पहिल्या टप्प्यात कारागिराची वस्तू संग्रहालयात आली खरी, पण ‘उत्पादनाचा नमुना’ म्हणून. तिच्या मागचा हात निनावीच राहिला.

1860 च्या दशकात फोर्टचा तट पाडला गेला. त्याच काळात कापसाच्या तेजीने शहरात अमाप पैसा आला आणि मोकळ्या जागेवर सार्वजनिक इमारती उभ्या राहिल्या. या परिसरातील प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमची कोनशिला 11 नोव्हेंबर 1905 रोजी बसविण्यात आली. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांची ही इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. प्रेक्षकांना प्रवेश मिळाला तो 1922 च्या जानेवारीत! संग्रहाच्या दृष्टीने पाहिले तर ही वास्तू राजपुत्राच्या नावाची आणि व्यापाऱ्यांच्या संचिताची होती. सेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी यांचा संग्रह 1915 मध्ये तिच्यासाठी विकत घेण्यात आला. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रहही पुढे येथेच आले. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय या नावाने परिचित असलेल्या या संस्थेत हस्तिदंत, मोगलकालीन जेड आणि चांदीच्या वस्तू शोभावस्तूंच्या दालनात दिसतात.

शेजारची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभी राहिली. त्यांच्याच घराण्याच्या नावाचे 1911 चे सभागृह एकेकाळी सभा, मैफली आणि मुष्टियुद्धाच्या लढतींनी गजबजलेले असे. 1996 मध्ये तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. जहांगीरच्या बाहेरील पदपथावर चित्रे मांडून बसणारे कलावंत या परिसराचा, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत जिवंत भाग आहेत. कचेरीतून बाहेर पडलेला माणूस तेथे थबकतो, कारण तेथे पायरी चढावी लागत नाही.

कोल्हापूरचा मार्ग वेगळा. ब्रह्मपुरीच्या उत्खननातील वस्तूंमुळे 1946 मध्ये येथे संग्रहालय सुरू झाले व नंतर ते टाऊन हॉलच्या वास्तूत आले. समुद्रदेव पोसायडनची लहानशी कांस्यमूर्ती ही त्याची मोठी ओळख. आबालाल रहिमान यांच्यासारख्या चित्रकारांना येथे दरबाराचा आश्रय होता. मुंबईत शेठियांनी जे केले ते येथे बव्हंशी संस्थानाच्या छायेत घडले.

या दोन्ही परंपरांत हुपरीच्या पैंजणाला जागा मिळणे अवघडच होते. कापडावरचे चित्र जुने झाले की त्याची किंमत वाढते. चांदीचा दागिना जुना झाला की तो मोडीत जातो, आटणीत वितळतो आणि नव्या घडणीसाठी परत येतो. संग्रहालयात पोहोचते ती चांदी बहुधा श्रीमंतांच्या घरची, वितळविण्याची निकड न पडलेली. शेतकरी बाईच्या पायातला दागिना दुष्काळात किंवा लग्नात मोडला जातो, आणि त्याबरोबर एका काळाची नक्षीही जाते. व्यवसायाच्या वहीत वजन, टंच आणि मजुरी यांची नोंद होते. घडणीचे चित्र किंवा घडविणाऱ्याचे नाव सहसा लिहिले जात नाही.

1855 चा संग्रह जोडनमुन्यांतून झाला होता. ती रीत चांदीच्या गावाला परकी नाही. प्रत्येक घडणीचा एक नग आटणीपूर्वी बाजूला ठेवणे, त्याचे छायाचित्र काढणे आणि त्यासोबत कारागिराचे नाव व अंदाजे साल नोंदविणे, एवढे काम महाविद्यालयातील इतिहास विभाग व सराफ मंडळी मिळून करू शकतील. जुने साचे आणि ठसे अजून ज्या घरांत आहेत, तेथून ही नोंद आधी सुरू व्हावी.