एल्डर

एल्डर : (सँब्युकस नायग्रा). यूरोपात शेतांच्या कुंपणांतून, पडक्या घरांच्या आवारातून व खतावलेल्या जमिनीत आपोआप रुजणारे, सहा ते दहा मीटर उंचीचे पानझडी झुडूप अथवा लहान वृक्ष. इमारती लाकडात त्याची गणना होत नाही. तथापि गृहिणी, गुराखी व किरकोळ कारागीर यांनी त्याचा एकही अवयव निरुपयोगी ठरू दिला नाही.

त्याची खरी दौलत म्हणजे कोवळ्या फांदीतला जाड, पांढरा व अत्यंत हलका भेंड. तापविलेल्या सळईने तो बाहेर लोटला की आयती नळी हाती येते, आणि तिच्यापासून चूल पेटविण्याच्या फुंकण्या, पावे, शिट्ट्या व मुलांच्या खेळण्यातील बंदुका पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. कोंबड्याचे आरवणे जेथे पोहोचत नाही तेथील एल्डरचे वाद्य अधिक खणखणीत वाजते, ही गुराख्यांची समजूत रोमन ग्रंथकार थोरल्या प्लिनीने इ. स. पहिल्या शतकातच नमूद केली आहे. निघालेला भेंडही मोलाचा : घड्याळजी चाकांच्या आसांची नाजूक टोके त्यात खुपसून स्वच्छ करीत, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक पानाचा तुकडा त्याच्या दोन फाकांत धरून वस्तऱ्याने सूक्ष्मदर्शकाजोगे छेद घेत, आणि विद्युद्‌भार दाखविणाऱ्या उपकरणात धाग्याने टांगलेल्या गोळ्या त्याच्याच असत. (आपल्याकडील बाशिंगांचा भेंड निराळ्या, पाणथळ वनस्पतीचा, गुण मात्र तोच.)

जुन्या खोडाचे लाकूड याच्या अगदी उलट, म्हणजे पिवळसर, घट्ट पोताचे व कठीण. फण्या, चांभारांच्या खुंट्या व मासळीची जाळी विणण्याच्या सुया त्याच्या करीत. रंगारी सालीपासून काळा, फळांपासून निळा-जांभळा व तुरटीच्या योगाने पानांपासून हिरवा रंग काढीत. डेन्मार्कमध्ये मात्र झाडात वसणाऱ्या ‘हिल्डेमोर’ या मातृदेवतेची अनुज्ञा घेतल्यावाचून त्यास कुऱ्हाड लावीत नसत.

फुलांचे तुरे पिठात बुडवून तळतात. त्यांचे सरबतही होते. कच्ची फळे, पाने व साल यांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असल्यामुळे वांत्या होतात; म्हणून फळे शिजवूनच खावयाची. पिकल्या फळांच्या गडद रसाने एक राजकीय प्रकरणही घडविले : अठराव्या शतकात पोर्तुगालमधील व्यापारी निकृष्ट पोर्ट मद्यास रंग चढविण्यासाठी तो सर्रास मिसळू लागले, इंग्लंडमधील गिऱ्हाईक बिथरले, आणि पोर्तुगालचा मंत्री पाँबाल याने १७५६ मध्ये डोरो खोऱ्यातील मद्यव्यापाराचा मक्ता एका कंपनीकडे सोपवून पुढे त्या मुलखातील एल्डरची झाडे समूळ उपटण्याचे फर्मान काढविले.